किल्ल्याच्या खालचं पाणी

मेहरूणच्या तलावात डोळे उघडून बुडी मारली तर काय दिसतं? हिरवट-तपकिरी अंधार. आपलाच हात कोपराच्या पुढे दिसेनासा होतो. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तळ दिसतो खरा, पण तेव्हा त्यावर पाणी नसतं! त्यामुळे आम्हा जळगावकरांचं पाण्याशी नातं ठरलेलं. इंग्रजी अमदानीत याच तलावाचं पाणी शहराला पुरवलं जायचं, काठावरच्या बोरांनी मेहरूणचं नाव मोठं केलं, आणि गणपती विसर्जनाला सगळं गाव इथेच लोटतं. पाणी प्यायचं, शेताला द्यायचं, पाठीला रिकामा डबा बांधून त्यात पोहायला शिकायचं. पण पाण्यात 'बघायचं' असतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बघणार काय? "काय शे त्यामा?" असं कुणीही विचारलं असतं.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. ती सहावीत असताना शाळेच्या सहलीबरोबर मालवणला जाऊन आली. सिंधुदुर्ग किल्ला झाला, तारकर्ली झाली, आणि सोबत स्नॉर्कलिंगही झालं. येताना मोबाइलमध्ये एक मिनिटाचा व्हिडिओ घेऊन आली. त्यात ती पाण्याखाली, तोंडाला नळी, डोळ्यांवर मोठा चष्मा, आणि तिच्याभोवती काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांची झुंबड. घरात सगळ्यांनी तो दहा वेळा पाहिला. मी विचारलं, "मासे कुठले गं?" "पट्ट्यापट्ट्याचे." "आणि खाली ते दगडासारखं काय आहे?" "दगड."

ते दगड नव्हते, पण त्यात तिची काही चूक नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला, आणि आपल्याकडे शाळेतल्या मुलांना समुद्राच्या आत काय आहे हे कधीपासून आणि कसं दाखवलं गेलं, याचा थोडा माग काढला. पंचाहत्तर वर्षांची ही गोष्ट आहे. थोडी मजेची, थोडी अस्वस्थ करणारी.

आधी थोडं त्या नळीबद्दल. पाण्याखाली नळीतून श्वास घेण्याची कल्पना फार जुनी. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने हत्तीच्या सोंडेचं वर्णन करताना लिहून ठेवलं आहे की पाणबुडे श्वासासाठी जी साधनं वापरतात तशीच ही सोंड. म्हणजे त्याच्या काळी ग्रीसमध्ये अशी साधनं होती. (हत्ती खरोखरच सोंड वर काढून पोहतात. अंदमानात हॅवलॉक बेटावर राजन नावाचा पोहणारा हत्ती होता, २०१६ मध्ये तो गेला. लहान मुलांना स्नॉर्केल समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.) आपल्याकडे दुर्योधन डोहात लपून बसला तो जलस्तंभन विद्येच्या जोरावर. त्याला नळीची गरज पडली नाही. 'स्नॉर्केल' हा शब्द मात्र अगदी अलीकडचा, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांच्या हवेच्या नळीवरून आलेला. घोरण्यासाठी जर्मनमध्ये जो शब्द आहे त्याच्याशी त्याचं नातं आहे. ज्याने एकदा स्नॉर्कलिंग केलंय त्याला हे नातं लगेच पटेल. पाण्यात तोंड घातलं की सगळ्यात आधी आपलाच घुर्र-घुर्र श्वास ऐकू येतो.

मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. नळी इतकी आखूड का? दहा फूट लांब नळी घेतली तर तळाशी बसून श्वास नाही का घेता येणार? नाही येणार, आणि हे शाळेच्या विज्ञानात बसणारं आहे. पाण्यात एक मीटर खाली गेलं की दर चौरस सेंटिमीटरवर शंभर ग्रॅम जादा दाब पडतो. मुलाच्या छातीचा पुढचा भाग पाचशे चौरस सेंटिमीटर धरला तर हा झाला पन्नास किलो. म्हणजे सिमेंटची एक गोणी छातीवर ठेवून श्वास घ्यायचा! वर लांब नळीत आपणच सोडलेली वापरलेली हवा अडकते आणि तीच परत आत येते. म्हणून नळी हातभर सुद्धा नसते, आणि स्नॉर्कलिंग म्हणजे पृष्ठभागावर पालथं तरंगत खाली बघणं, एवढंच. त्यात खरं काम चष्म्याचं असतं. आपला डोळा हवेत बघण्यासाठी घडलेला. पाणी थेट डोळ्याला लागलं की सगळं धूसर. मध्ये हवेचा एक कप्पा ठेवला की चित्र स्वच्छ होतं, फक्त वस्तू जरा मोठ्या आणि जवळ दिसतात. १९३६ साली फ्रेंच नौदलातल्या झाक कुस्तो नावाच्या तरुणाने तूलों गावाजवळ समुद्रात असलाच साधा चष्मा लावून डोकं खाली घातलं आणि त्याचं आयुष्यच बदललं. पुढे १९४३ मध्ये त्याने एमिल गान्यां या इंजिनिअरबरोबर पाठीवरच्या टाकीतून श्वास घेण्याचं यंत्र बनवलं आणि जगभरातल्या लोकांना घरबसल्या समुद्राचा तळ दाखवला. पण सुरुवात चष्म्याने झाली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे सुरुवात काचेने झाली. ती काच मुंबईत, मरीन ड्राइव्हवर.

१९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचं उद्घाटन झालं. आठ लाखांच्या आसपास खर्च आला, त्यातले दोन लाख तारापोरवाला या पारशी दात्याने दिले, म्हणून ते नाव. पुढची कित्येक वर्षं महाराष्ट्रातल्या शाळांच्या मुंबई सहलीत गेट वे, राणीची बाग, म्हातारीचा बूट आणि तारापोरवाला हे ठरलेलं असायचं. आमची सहलही गेली होती. जळगावहून रात्रीच्या गाडीने निघालेली, झोप न झालेली साठ पोरं त्या अंधाऱ्या बोळातून एकमेकांना ढकलत पुढे सरकत होती आणि मागून सर ओरडत होते, "चला, चला, पुढे चला!" समुद्री कासव एवढं मोठं असतं हे मी तिथे पाहिलं. बाहेर रस्त्याच्या पलीकडे खराखुरा समुद्र होता, पण त्याच्याकडे पाठ करून आम्ही टाकीतले मासे बघत होतो. तेव्हा यात काही विचित्र वाटलं नाही. २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन काचेचा बोगदा वगैरे झाला, पण कोविडच्या काळात मत्स्यालय बंद झालं आणि मग इमारतच धोकादायक ठरली. तिथे दिसलेल्या माशांपेक्षा मला ती पाठ फिरवणं जास्त लक्षात राहिलंय.

समुद्राला आम्ही एवढे परके का, याचं उत्तर नकाशात नाही. जळगावहून सुरत तापी खोऱ्याच्या रेल्वेने एका रात्रीचा प्रवास, आणि आपली तापी स्वतः समुद्राला जाऊन मिळतेच की. पण तिथला समुद्र गढूळ. तापी आणि नर्मदा आपल्याकडची माती नेऊन खंबायतच्या आखातात ओततात आणि तिथली प्रचंड भरती-ओहोटी ती माती खाली बसूच देत नाही. म्हणजे मेहरूणच्या तलावात दिसत नाही ते सुरतेच्या समुद्रातही दिसत नाही, आणि माती आपलीच! प्रवाळांना तर असलं पाणी अजिबात चालत नाही.

एक मात्र सांगायलाच हवं. समुद्र एकेकाळी आपल्या दारापर्यंत आला होता. सातपुडा ओलांडून नर्मदेकडे उतरलं की मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाघ नावाचं गाव लागतं. लेण्यांमुळे पुष्कळांना ठाऊक असेल. तिथल्या खडकांत समुद्री शिंपले, सी-अर्चिन, शार्कचे दात यांचे जीवाश्म सापडतात. नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्राचा एक फाटा आत शिरला होता. तिथल्या एका चुनखडकाला जुन्या भूवैज्ञानिकांनी 'कोरलाइन', म्हणजे प्रवाळी चुनखडक, असं नावही देऊन टाकलं. नंतर कळलं की ते प्रवाळ नाहीतच, ब्रायोझोआ नावाचे दुसरेच बारीक वसाहत करून राहणारे प्राणी आहेत. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. पुढे लाव्हाचे थर आले आणि आपल्या बाजूला सगळं काळ्या दगडाखाली गेलं. असो. विषयांतर झालं, पण खान्देशातल्या शाळांनी सहल काढायला हे ठिकाण वाईट नाही.

आता मालवण.

सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ला झाली आणि तीनेक वर्षांत कुरटे बेटावर किल्ला उभा राहिला, हे आपण चौथीपासून वाचत आलोय. जवळजवळ तीन किलोमीटरची तटबंदी, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. शिवराजेश्वराचं मंदिर. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा. सहली येत राहिल्या. धक्क्यावरून होडीत बसायचं, दहा-पंधरा मिनिटांत किल्ल्यावर, तास-दीड तासाने परत. त्या होडीच्या बुडाखाली काय आहे याचा विचार करायचं कुणाला कारणच नव्हतं. पाणी म्हणजे किल्ल्यापर्यंत जायचा रस्ता.

खाली काय आहे हे शास्त्रज्ञांच्या नोंदीत आलं ते १९७० च्या दशकाच्या शेवटी. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये सुरू झालेली. तिथल्या कासिम आणि वफर या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचं प्रसिद्ध केलं. त्याआधी प्रवाळ म्हटलं की लक्षद्वीप, अंदमान, कच्छचं आखात, फार तर मन्नार. कोकणात प्रवाळ, हे ऐकून तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या असणार. मालवणचे प्रवाळ टीव्हीवर दिसतात तसे रंगीबेरंगी फांद्यांचे नाहीत. बहुतेक गोलसर गोट्यासारखे किंवा खडकावर कवच चढावं तसे पसरलेले. भाचीला 'दगड' वाटले ते हेच. पण त्या दगडावर टाचणीच्या डोक्याएवढी हजारो तोंडं असतात, प्रत्येक तोंड म्हणजे एक प्राणी, आणि त्याच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शेवाळं सूर्यप्रकाशात अन्न बनवून त्याला भाडं देतात. म्हणून प्रवाळाला स्वच्छ, उजेडाचं पाणी लागतं. आपल्या आजीच्या अंगठीतलं पोवळं याच गोतावळ्यातलं, पण ते भूमध्य समुद्राच्या खोल पाण्यातून आलेलं. मंगळासाठी बोटात घातलेला 'खडा' हा खरं तर एका प्राण्याचा सांगाडा आहे, हे आजीला सांगितलं असतं तर तिने तो उतरवला असता की अजून घट्ट बसवला असता, कोण जाणे :)

१३ एप्रिल १९८७ ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. एकूण २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा, ज्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड येतो. कागदावर सुंदर. पण या पाण्यात शेकडो वर्षं मासेमारी करणाऱ्यांना हे पटलं नाही. आम्हाला विचारलं कुणी? रापण कुठे ओढायची? उद्या वनखात्याचा माणूस येऊन जाळं जप्त करणार का? त्यांचा विरोध वर्षानुवर्षं टिकला आणि अभयारण्य बराच काळ नकाशावरच राहिलं. शहरातल्या निसर्गप्रेमींना हा विरोध अडाणीपणाचा वाटायचा. मला तसं वाटत नाही. ज्यांच्या पाण्यावर रेघा ओढल्या त्यांच्याच घरात त्या पाण्याची सगळ्यात जास्त माहिती होती. कुठल्या खडकाशी कुठला मासा, कुठल्या वाऱ्याला पाणी गढूळ होतं, कुठे तळ कधी स्वच्छ दिसतो, हे त्यांना पुस्तक न उघडता माहीत होतं.

म्हणूनच पुढे जे झालं ते मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात रंजक वळण वाटतं. २००० नंतरच्या दशकात किल्ल्याच्या आसपास स्नॉर्कलिंग सुरू झालं, आणि पर्यटकांचा हात धरून त्यांना पाण्यात नेणारी मुलं होती याच मच्छीमारांच्या घरातली. सारंग कुलकर्णींसारख्या सागरी जीवशास्त्रज्ञांनी स्थानिक तरुणांना प्रशिक्षण दिलं. पुढे २०११ च्या सुमारास केंद्र व राज्य सरकार आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांचा सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी प्रकल्प सुरू झाला. त्यात स्नॉर्कलिंग-स्कूबाचे मार्गदर्शक तयार झाले, खेकडापालन झालं, वेंगुर्ल्यात स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी खारफुटीतून होडीची सफर सुरू केली. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली. आपण तिला 'इसदा' म्हणतो. तिथे सरावासाठी खोल तलाव बांधलेला आहे. ज्या पाण्यात संरक्षण म्हणजे बंदी असं समीकरण होतं, तिथे जिवंत प्रवाळ हा रोजगार झाला. जाळ्यात आलेला मासा एकदाच विकला जातो, पाण्यात पोहणारा रोज दाखवता येतो.

त्याच काळात किनाऱ्यावर दुसऱ्या दोन गोष्टी घडल्या, त्या थोडक्यात सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास गावी (नाना फडणविसांचं गाव) २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या भाऊ काटदरे आणि सहकाऱ्यांना ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी सापडली. गावकऱ्यांनीच ती राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पुण्या-मुंबईची शाळकरी मुलं पहाटे थंडीत कुडकुडत, दोरीच्या मागे रांगेत बसून, टोपलीतून सोडलेली पिल्लं पाण्याकडे धावताना बघू लागली. आणि २०१७ मध्ये मुंबईत प्रदीप पाताडे, अभिषेक जमालाबाद आणि सिद्धार्थ चक्रवर्ती यांनी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' सुरू केलं. ओहोटीला गिरगाव, जुहू, हाजी अलीच्या खडकांत लोकांना फिरवायचं आणि डबक्यांत काय काय आहे ते दाखवायचं. म्हणजे तारापोरवालाच्या काचेकडे तोंड करून आम्ही ज्या समुद्राकडे पाठ केली होती, त्याच समुद्रात, थोड्याच अंतरावर, हे सगळं होतं! हाजी अलीला तर प्रवाळ निघाले. २०२० मध्ये कोस्टल रोडसाठी हाजी अली आणि वरळीच्या प्रवाळांच्या अठरा वसाहती हलवाव्या लागल्या तेव्हा पुष्कळ मुंबईकरांना त्या तिथे आहेत हे पहिल्यांदा कळलं.

इथपर्यंत वाचून सगळं छान चाललंय असं वाटेल. पण दोन गोष्टी बोचतात.

पहिली भीतीची. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजचे चौदा विद्यार्थी बुडाले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या सहलीतले आठ जण गेले. अशा बातमीनंतर खान्देशातल्या मुख्याध्यापकाला तुम्ही सांगून बघा, मुलांना समुद्रात न्या म्हणून! पालक सही देत नाहीत, शिक्षकांची झोप उडते, आणि त्यांचं चुकत नाही. ते मृत्यू स्नॉर्कलिंगमध्ये झालेले नव्हते, किनाऱ्यावरून सहज पाण्यात उतरताना झाले होते. लाइफ जॅकेट नाही, पाण्याची माहिती असलेला माणूस सोबत नाही, आणि सगळ्यांनी एकदम उतरायचं. समुद्र न पाहिलेल्या मुलाला कंबरभर पाणी निरुपद्रवी वाटतं. आपल्याकडे पाणी वाहतं ते नदीत, एका दिशेने. लाट येते तशीच परत ओढून नेते हे विहिरीत पोहायला शिकलेल्याला कुठून कळणार? त्यामुळे समुद्रापासून लांब ठेवणं हा उपाय मला तोकडा वाटतो. मुलं मोठी होऊन मित्रांबरोबर जाणारच आहेत. तेव्हा सोबत सर नसतील.

दुसरी गोष्ट त्या व्हिडिओची. भाचीभोवती ती माशांची झुंबड का होती? कारण कुणीतरी पाण्यात पाव कुस्करत होतं. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा तो मासा, सार्जंट मेजर म्हणतात त्याला, पाव दिसला की धावून येतो आणि फोटो झकास येतो. पाव हे काही त्याचं अन्न नाही. खडकावरचं शेवाळ आणि बारीकसारीक जीव खायचे सोडून ते होडीची वाट बघत बसतात. शिवाय नवशिका माणूस घाबरला की पाय टेकवायला जागा शोधतो, आणि पाय पडतो नेमका प्रवाळावर. २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मालवणच्या अभयारण्यात हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळांची कशी मोडतोड होते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पुन्हा गेल्या काही वर्षांतलं तापलेलं पाणी. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या आतली शेवाळं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. मालवणला हे पुन्हा पुन्हा झालंय. आधीच आजारी असलेल्या माणसाच्या अंगावर रोज शेदोनशे लोकांनी पाय देऊन जावं, तसा प्रकार.

यात मला त्या गाइड पोरांना दोष द्यायचा नाही. हंगाम सात-आठ महिन्यांचा, माणशी दर पडलेला, पुढची होडी रांगेत, आणि गिऱ्हाईकाला हवा असतो व्हिडिओ. दहा मिनिटांत तो काय दाखवणार? त्याला जे माहीत आहे ते विचारायला कुणी थांबतच नाही. त्याच्या आजोबांनी अभयारण्याला विरोध केला असेल, बापाने पर्ससीनवाल्यांशी भांडण केलं असेल, तो स्वतः मास्कची काच थुंकी लावून पुसतोय (काचेवर वाफ धरू नये म्हणून, मुलांना हे फार आवडतं). त्याच्याकडे सांगण्यासारखं किती आहे! आपल्या सहलीच्या कार्यक्रमात मात्र लिहिलेलं असतं : "११.३० स्नॉर्कलिंग, १२.०० जेवण."

२०२५ मध्ये नौदलाने आपली निवृत्त 'गुलदार' नौका महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाकडे सोपवली. ती निवती खडकाजवळ समुद्रतळाशी बसवून कृत्रिम प्रवाळभित्ती आणि पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. चांगली आहे. फक्त किल्ल्यालगतचे खरे प्रवाळ जगवायचं काम त्यामुळे मागे पडू नये एवढंच माझ्यासारख्याला वाटतं. लोखंडाची नौका बुडवायला एक दिवस पुरतो. ताटाएवढा प्रवाळ वाढायला कित्येक वर्षं जातात.

आता नातेवाईकांपैकी दोघा-तिघांनी फोनवर विचारलंय की मग मुलांना न्यायचं की नाही, आणि न्यायचं तर कसं. माझं मत विचाराल तर न्यायचं. पण तयारी जळगावातच सुरू करायची. आधी पोहण्याच्या तलावात कमरेइतक्या पाण्यात चष्मा आणि नळी लावून, काठाला धरून, पालथं तरंगायला शिकवायचं. चार-पाच रविवार पुरतात. ज्या मुलाला नळीतून शांत श्वास घेता येतो ते समुद्रात पाय झाडत नाही, आणि पाय झाडले नाहीत तर खालचं काही मोडत नाही. मग माशांची आणि प्रवाळांची चित्रं आधी दाखवून ठेवायची, दहाच, जास्त नको. काही उचलून आणायचं नाही हेही तेव्हाच सांगायचं. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्यात वाघाच्या यादीत जागा आहे. 'किनाऱ्यावर पडला होता' म्हणून पिशवीत टाकलेला तुकडासुद्धा महागात पडू शकतो. समुद्रात लाइफ जॅकेटशिवाय नाही, चार मुलांमागे एक गाइड, आणि तो ठरवतानाच त्याला सांगायचं की पाव नको, अर्धा तास जास्त दे, त्याचे पैसे वेगळे घे, आणि होडीत बसल्यावर आधी तुझ्या वडिलांच्या मासेमारीबद्दल बोल.

दिवाळीच्या सुट्टीत शक्यतो जाऊ नका. पावसाचं पाणी नुकतंच ओसरलेलं असतं आणि पाणी बऱ्याचदा गढूळ निघतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी, वारा सुटायच्या आत, तळ स्वच्छ दिसतो. मे संपताना होड्या बंद होतात त्या पावसाळा संपेपर्यंत. जळगावहून मालवण साधारण साडेसातशे किलोमीटर आहे. एका दिवसात उरकू नका, कोल्हापूरला मुक्काम करा. आणि किल्ला आधी बघा. विहिरींचं गोड पाणी प्या, तटावरून चक्कर मारा, आणि मग त्याच तटाच्या खाली पाण्यात तोंड घाला. भाची यंदा पुन्हा जायचं म्हणते आहे. या वेळी तिने यादी करून ठेवली आहे, पहिलंच नाव आहे 'दगड'.